वस्तूचा स्वभाव

निळा टब तिनं ओळखला तो त्याच्या डागावरून. काठावर, साबण ठेवायच्या खाचेशेजारी, नखाएवढा तपकिरी चटका होता. तिच्याच हातून इस्त्री टेकली होती तिथे, बाळंतपणानंतरच्या दुसऱ्या महिन्यात, जेव्हा ती बसल्या बसल्या झोपायची आणि झोपेतच इस्त्री करायची. घरच्या बाथरूममध्ये असायला हवा तो टब आता तिच्या ऑफिसात, तिसऱ्या फळीवर, एक लंगडं स्टूल आणि दोन टोस्टर यांच्यामध्ये असा निवांत बसला होता, जणू जन्मल्यापासून इथेच आहे.

काठाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. चिठ्ठीवर शिक्का होता. शिक्का तिचा होता.

"काका, हा टब कुणी आणला?"

"आला काल दुपारी," पेचकस काका मान वर न करता म्हणाले. त्यांच्यासमोर एक पंखा पोट उघडून पडला होता.

"आला म्हणजे चालत नाही ना आला. कुणी आणला?"

"मुली, मी चेहरे बघत नाही. मी स्क्रू बघतो."

हे खरंच होतं. नगरपालिकेच्या या वस्तूघरात काका तीन वर्षं दुरुस्तीला बसत होते आणि अजूनही साहेबांना त्यांच्या चपलांवरून ओळखत.

गावाबाहेरचा कचऱ्याचा डोंगर भरून वाहायला लागला, तेव्हा नगरपालिकेनं हे वस्तूघर काढलं. नको असलेली वस्तू फेकू नका, आम्हाला आणून द्या. दुरुस्त करू, ज्याला हवी तो फुकट नेईल. लोक काही आपण होऊन आणेनात, तेव्हा साहेबांनी शक्कल काढली. वस्तूची चिठ्ठी दोन भागांची केली. वरचा भाग वस्तूला बांधायचा, खालचा देणाऱ्याला द्यायचा, दोन्हींवर शिक्का. खालचे चार भाग जमले, की जुन्या कचऱ्याच्या मैदानावर माती टाकून केलेल्या बागेत वर्षभरासाठी एक वाफा. काय लावायचं ते लावा. खत नगरपालिकेचं, तुमच्याच घरच्या ओल्या कचऱ्यातून झालेलं. बस, माणसं माळे रिकामे करायला लागली.

चिठ्ठीवर एक चौकट होती, 'वस्तूचा स्वभाव' नावाची. तीही साहेबांचीच कल्पना. वस्तू नेणाऱ्याची फसगत होऊ नये, म्हणून देणाऱ्यानं तिची खोड सांगायची आणि काकांनी ती लिहायची. सगळ्यांचं अक्षर सगळ्यांना लागत नाही, काकांचं छापल्यासारखं. रेडिओच्या चिठ्ठीवर होतं, 'सकाळी बोलतो, संध्याकाळी रुसतो.' एका छत्रीवर होतं, 'वाऱ्यात उलटी होते, पण मनात काही ठेवत नाही.'

टबाच्या चिठ्ठीवर होतं, 'बुडाला केसाएवढी चीर आहे. पाणी हळूहळू निघून जातं, पण तोवर मूल खेळून होतं.' देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक दोनशे अठरा. कुठला क्रमांक कुणाचा, ती यादी वर साहेबांकडे असायची.

वस्तूघराचा एक नियम होता आणि तो भिंतीवर लाल अक्षरांत लावला होता. कर्मचाऱ्याच्या घरातल्या वस्तूला शिक्का नाही. तिच्याआधी इथे जो कारकून होता, त्यानं स्वतःच्या घरातली भांडीकुंडी आणून स्वतःच शिक्के मारले आणि मेहुण्यांसकट तिघांच्या नावावर वाफे केले. त्याला घरी पाठवलं, म्हणून तर ही जागा तिला मिळाली. सहा महिन्यांसाठी. महिनाअखेरीला साहेब कागदावर दोन ओळी लिहिणार होते, मग ती कायम होणार होती, किंवा नव्हती. आणि ही नोकरी तिला हवी होती. नुसती हवी नव्हती, दिवसातून आठ तास कुणीतरी आपल्याला 'मॅडम' म्हणतंय, आपल्याकडे शिक्का आहे, शाई आहे, खांद्यावर ओकारीचा डाग नाही, हे तिला श्वासाइतकं हवं होतं.

पण शिक्का तिचा होता, त्याला काय करायचं?

खरं तर त्यात कोडं नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती शाळांमध्ये जायची, मुलांना ओला कचरा आणि सुका कचरा कसा वेगळा करायचा, बादलीत खत कसं मुरवायचं ते दाखवायला. मागे लोक खोळंबू नयेत म्हणून त्या दिवशी सकाळीच ती पंधरा-वीस कोऱ्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारून काकांच्या हवाली करायची. साहेबांना हे माहीत नव्हतं. काकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिला वाटत होतं, पण रांग मोठी असायची.

म्हणजे काल, मंगळवारी, कुणीतरी तिच्या घरातला टब घेऊन आलं होतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर ती आधी बाथरूममध्ये शिरली. टबाच्या जागी बादली.

"अरे, आपला टब कुठे गेला?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"दिलास ना तू?"

"मी?"

"तूच म्हणत होतीस, टब गळतोय, देऊन टाकायला हवा. मग दिला असशील." नवऱ्याचा हिशोब सरळ होता. घरात जे बोललं जातं ते होतं. आणि तो स्वतः करत नाही, त्या अर्थी ती करत असणार.

ती म्हणाली होती, हे खरं. कधी म्हणाली ते आठवेना. गेल्या आठ महिन्यांत तिचं डोकं म्हणजे चाळणी झालं होतं. टीव्हीचा रिमोट फ्रीजमध्ये सापडला होता. बाळाचा चमचा ऑफिसच्या शाईपेटीत. एकदा नळ फुर्रकन वाजला, तर तिनं त्याला "हो, आले" असं उत्तर दिलं होतं आणि सासूबाईंनी ते ऐकलं होतं. मग टब आपणच नेऊन ठेवला नसेल कशावरून? बसमध्ये टब घेऊन बसलेली बाई लोकांच्या लक्षात राहील, पण त्या बाईच्या राहीलच असं नाही.

सासूबाईंना विचारावं, असं तिच्या मनात आलं. त्या ओट्याशी लेकीला कडेवर घेऊन दुधी किसत होत्या, एका हातानं, आणि लेक किसणीकडे सिनेमा बघितल्यासारखी बघत होती.

"आई, टब..."

"आता ती बसती झाली. बादलीच बरी पडते," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा किसायला लागल्या.

हे उत्तर होतं की नव्हतं, ते तिला कळेना. पण ज्यांच्या भरवशावर लेक सोडून सकाळी निघायचं, त्यांना 'टब कुठे ठेवलात' असं दरडावून थोडंच विचारता येतं? सासूबाई आपलं घर बंद करून, एक बॅग घेऊन, 'बाळ बसतं होईपर्यंत' म्हणून आल्या होत्या. बाळ बसतं झालं होतं. त्या विषयावर घरात कुणी बोलत नव्हतं. ती तर त्या विषयाच्या आसपासही फिरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं टबाची चिठ्ठी सोडवून पर्समध्ये टाकली. का, ते तिला धड सांगता आलं नसतं.

शनिवारी सकाळी कपाटाच्या दांडीला पक्ष्यांची माळ लटकत होती. लेकीच्या अंथरुणावर टांगलेली, कापडी, चार पक्ष्यांची. चिठ्ठी काल दुपारची. शिक्का तिचा. दोनशे अठरा. 'यातला पिवळा पक्षी मुलाला आवडतो. लाल पक्ष्याकडे ते बघत नाही. कारण कळलं नाही.'

"काका, हे कुणी..."

"मी लिहिलं. सांगितलं तसं."

"कुणी सांगितलं?"

काकांनी डोळे मिटून आठवायचा खराखुरा प्रयत्न केला. "आवाज बाईचा होता," ते म्हणाले.

बाईचा. म्हणजे तिचाही असू शकतो. तिनं ती चिठ्ठीही पर्समध्ये टाकली आणि दिवसभर पर्स मांडीवर घेऊन बसली.

"टबाची चिठ्ठी पडली वाटतं कुठे," काका दुपारी म्हणाले. "एक माणूस मागत होता, माशांसाठी. मी म्हटलं, बिनचिठ्ठीची वस्तू देता येत नाही. बघ तुझ्या ड्रॉवरमध्ये."

तिनं ड्रॉवर उघडला, बघितल्यासारखं केलं आणि बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा ती रिकाम्या ड्रॉवरमध्ये इतका वेळ बघत होती.

पुढच्या मंगळवारी ती शाळेतून धापा टाकत लवकर परतली, तर टेबलावर स्वेटर होता. हिरवा, कोपरावर लोकर विरलेला. तिच्या बहिणीनं विणलेला. चिठ्ठीची शाई अजून ओली होती. 'हात घालताना मूल मूठ आवळतं. ओढू नये. बोटांवर हळूच फुंकर घालावी, मूठ आपोआप उघडते. मग बाही घालावी.'

ती ते वाचत उभी राहिली. मग पुन्हा वाचलं.

त्या संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या हातपाय धुऊन तिनं लेकीला मांडीवर घेतलं. झबल्याची बाही चढवायला गेली. लेकीनं मूठ आवळली. नेहमी इथेच दोघींची झटापट व्हायची आणि शेवटी दोघीही रडवेल्या व्हायच्या. आज तिनं त्या इवल्याशा बोटांवर फुंकर घातली. मूठ उघडली. आत पावाचा चुरा होता.

हे मला माहीत नव्हतं, तिच्या मनात आलं. म्हणजे ते मी सांगितलेलं नाही. म्हणजे मी वेडी झालेले नाही.

हा आनंद जेमतेम मिनिटभर टिकला. कारण लेकीला दिवसा कपडे घालणारं माणूस घरात एकच होतं. आणि ते माणूस एकेक करून बाळाच्या वस्तू घराबाहेर काढत होतं. माणूस कधी आवरतं? निघायचं असलं की आवरतं.

बुधवारी साहेब खाली आले. हातात दोन रजिस्टरं, चेहऱ्यावर आठ्या.

"मॅडम, दोनशे अठराला तीन शिक्के. तिन्ही वेळा दुपारी अडीचच्या सुमारास. त्या वेळी तुम्ही शाळेत होता. शाळेचं पत्र आहे, मुलांनी टाळ्या वाजवल्या असंही लिहिलंय. मग शिक्का कुणी मारला?"

"मीच."

"शाळेतून?"

"सकाळी मारून ठेवते, साहेब. वीसेक."

"कोऱ्या चिठ्ठ्यांवर?" साहेबांनी काकांकडे बघितलं. काकांनी पंख्याकडे बघितलं. "म्हणजे वस्तू यायच्या आधी शिक्का येतो? मग नसलेल्या वस्तूलाही शिक्का असेल आणि असलेल्या वस्तूला... थांबा, मला बसू द्या." ते लंगड्या स्टुलावर बसले आणि उठले. "आणि यातल्या दोन वस्तूंच्या चिठ्ठ्याच नाहीत. हा दोनशे अठरा आहे तरी कोण?" त्यांनी यादीवर बोट फिरवलं. "घर नंबर सत्तावीस, पाण्याच्या टाकीमागची गल्ली."

सत्तावीस नंबर म्हणजे सासूबाईंचं घर. मागे आठ पावलांची जमीन असलेलं, जिथे लग्नानंतर पहिल्यांदा गेली तेव्हा सासूबाईंनी तिला माणसांच्या आधी वांग्याच्या झाडांची ओळख करून दिली होती.

म्हणजे नाव अजून तिथेच होतं. शिक्केही तिथल्याच पत्त्यावर गोळा होत होते. आता शंका उरली नाही.

"ओळखता?" साहेबांनी विचारलं.

"शुक्रवारी अडीचला या, साहेब," ती म्हणाली. "मी सगळं सांगते. मला आधी नीट कळू दे."

"मलाही," साहेब मनापासून म्हणाले.

गुरुवारी घरी आली, तर कपाटावरची बॅग खाली आली होती. सासूबाईंची, तपकिरी, सोबत आणलेली. पुसून लख्ख केलेली, पलंगावर उघडी. आत अजून काही नव्हतं.

"आई," ती दारातूनच म्हणाली, "तुम्हाला इथे बरं वाटतं ना?"

"का? काय झालं?"

"काही नाही."

"मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि लेकीच्या तोंडात भाताचा घास दिला.

इतकंच. तिला रडू आलं, हसू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली. सासूबाईंनी तिलाही पाण्याचा पेला दिला.

शुक्रवारी तिनं शाळेला निरोप धाडला आणि जागेवर बसून राहिली. कोऱ्या चिठ्ठ्या कोऱ्याच होत्या. साहेब सव्वादोनलाच येऊन दाराआड उभे राहिले होते, चोर पकडायला आल्यासारखे, आणि काका त्यांना दोनदा म्हणाले होते, "वस्तू द्यायची असेल तर पुढे या."

अडीचला दारात बाबागाडी आली. गाडीत लेक, शेजारी सासूबाई, त्यांच्या दुसऱ्या हातात बॅग.

बाळाला माझ्याकडे सोपवून निघाल्या, तिला वाटलं. इथूनच बसस्टँडवर.

सासूबाई तिला बघून थबकल्या. "तू शाळेत नाही गेलीस आज?"

"तुम्ही कुठे निघालात, आई?"

"इथेच," सासूबाई म्हणाल्या, आणि बॅग काकांच्या टेबलावर ठेवली.

काकांनी सवयीनं चिठ्ठी ओढली. "वस्तूचा स्वभाव?"

सासूबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं. मग काकांकडे वळून, घसा साफ करून, सांगितलं, "कुलूप एका दमात लागत नाही, गुडघ्यानं दाबावं लागतं. बाकी चांगली आहे. मला आता तिचं काम नाही. ज्याला कुठे जायचंय, त्याला द्या."

काकांचा पेन खरखरत राहिला. ती जागेवरून उठली आणि का उठली ते विसरून पुन्हा बसली.

साहेब दाराआडून बाहेर आले. "बाई, नोंदणी क्रमांक दोनशे अठरा तुमचाच?"

"माझाच. चोरीबिरी झाली का काही?"

"नाही. तुम्ही राहता कुठे?"

"यात काय विचारायचं?"

साहेबांनी भिंतीवरचा नियम वाचून दाखवला. सासूबाईंनी तो लक्षपूर्वक ऐकला. ही पाटी त्यांनी आतापर्यंत पाहिलीच नव्हती. त्या आल्या की आणलेली वस्तू गाडीतून सोडवण्यात आणि लेकीनं फळ्या ओढू नयेत हे बघण्यातच गुंतलेल्या असायच्या.

"तुमचा पत्ता सत्तावीस नंबरचा आहे," साहेब म्हणाले. ते काळजीपूर्वक शब्द निवडत होते, पाण्यात पाय टाकणाऱ्या माणसासारखे. "तुम्ही अजून तिथे राहत असाल, तर तुमचं घर वेगळं. शिक्के चालतात, आज चार झाले, वाफा तुमचा. मॅडमवरही काही येत नाही. पण तुम्ही यांच्याकडे राहत असाल, तर शिक्के रद्द. आणि यांच्या कागदावर मला विचार करून लिहावं लागेल. तर बाई, तुम्ही तिथे राहता, की इथे?"

काकांनी पेन खाली ठेवला आणि पंखा पुढ्यात ओढला.

तिथे म्हणा, तिच्या मनात आलं. वाफा मिळेल, नोकरी वाचेल. पाठोपाठ दुसरं मन म्हणालं, नका म्हणू. आणि कुठलं मन आपलं, हे तिला कळेना. तिनं पर्स उघडली आणि दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या.

"या मी काढून घेतल्या होत्या, साहेब. टबाची आणि पक्ष्यांची. टब माझ्या घरातला आहे. आई पण."

ती काय बोलून गेली ते तिच्या नंतर लक्षात आलं. सासूबाईंच्या मात्र लगेच आलं. त्यांनी कमरेची छोटी पिशवी उघडली, रबर लावून ठेवलेले तीन कागद काढले आणि चिठ्ठ्यांशेजारी ठेवले.

"सत्तावीसचा पत्ता मागच्या वर्षीचा आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा तिथे होते. आता इथे राहते. बॅगसुद्धा देऊन टाकली, आता आणखी काय लिहून देऊ?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "शिक्के रद्द," ते शेवटी म्हणाले. "उद्यापासून कोऱ्या चिठ्ठीवर शिक्का मारलेला दिसला, तर मी शाईपेटी वर नेऊन ठेवीन. आणि मॅडम, तुमच्या कागदावर मी काय लिहू, मला खरंच समजत नाहीये."

"लिहा," काका पंख्यातून म्हणाले, "गोंधळलेली असते, पण विचारलं की खरं सांगते."

"ते स्वभावाच्या चौकटीत बसेल. माझ्या कागदाला तशी चौकट नाही," साहेब म्हणाले. पण दारापर्यंत जाऊन ते वळले. "सोमवारी वर या. कायमच्या कागदावर तुमची सही लागेल." मग जरा थांबून, "आणि त्या टबाला चिठ्ठी बांधा, नाहीतर बाहेर काढा. दहा दिवस फळी अडवून बसलाय."

परतताना बाबागाडीवर टब आडवा ठेवला होता आणि लेक त्याच्या सावलीत बसून काठावर टपटप करत होती.

"मला सांगायचं नाही का, आई?"

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. तू सगळ्यालाच हो म्हणतेस. नळालासुद्धा." सासूबाईंनी कलणारा टब सरळ केला. "दुपार फार लांब असते गं. ही झोपते, मग मी भिंतीकडे बघते. म्हटलं, एक वाफा असला तर हिलाही घेऊन जाईन. मातीत बसेल. मलाही बसता येईल."

"मला वाटलं, तुम्ही निघालात."

सासूबाईंनी गाडी खड्ड्यावरून उचलून घेतली. बॅग कपाटावरून खाली काढली तेव्हा ती द्यायचीच म्हणून काढली होती, की त्यांचाही पलंगावर बसून थोडा वेळ विचार चालला होता, हे तिला कधीच कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

नगरपालिकेच्या खताची पिशवी कुणालाही फुकट मिळायची, तिला शिक्का लागत नव्हता. टब गॅलरीत ठेवला, दोघींनी मिळून माती ओतली. सासूबाईंनी पाणी घातलं, जरा जास्तच, आणि वाकून खाली बघितलं. केसाएवढ्या चिरेतून थेंब थेंब बाहेर येत होतं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "असंच जायला हवं."

तेवढ्यात लेकीनं टबात हात घालून मूठभर माती उचलली आणि मूठ तोंडाकडे नेली. तिनं ती मूठ धरली, ओढली नाही, आणि बोटांवर हळूच फुंकर घातली.